गोरेगावच्या स्वयंपाकघराचं दार

शेगडीच्या जागेपुढं टेप धरून उभा होतो आणि मागून दार दाणकन कोपरावर आदळलं. टेप हातातून सुटला.

"अगं माय! लागलं का साहेब?" चहाचा कप घेऊन आलेली वर्षा दारातच थबकली. ही घरमालक गंगाधररावांची सून. घर अजून पुरं व्हायचं होतं. फरशी झाली होती, दारं बसली होती, राहायला यायला महिना होता.

"नाही लागलं," म्हणालो. चांगलंच लागलं होतं. पण कोपरापेक्षा डोकं जास्त दुखायला लागलं. महिन्याभरानं याच जागी ही बाई पेटत्या शेगडीपुढं उभी राहणार होती.

मी डिप्लोमावाला सिव्हिल इंजिनिअर. ऑफिस हिंगोलीत, कामं जिल्हाभर. जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या या घराचा प्लॅन माझाच. कागदावर स्वयंपाकघर आठ बाय दहा, साइटवर आठ बाय सात. लाइनआउटच्या दिवशी, म्हणजे जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं भिंतींच्या रेघा मारतात त्या दिवशी, गंगाधररावांनी मिस्त्रीला सांगून बैठकीची भिंत तीन फूट मागं ढकलली. मागं म्हणजे स्वयंपाकघरात. का, तर बैठकीत पंचवीस माणूस ऐसपैस बसलं पाहिजे. मी तेव्हा दुसऱ्या साइटवर. पोचलो तोवर भिंत कमरेएवढी वर आलेली. तावातावानं बोललो आणि मग गप्प बसलो.

तीन फूट गेले आणि सगळं एकमेकांच्या अंगावर आलं. ओटा पूर्वेच्या भिंतीलाच, कारण रांधणारीचं तोंड पूर्वेला पाहिजे. ये-जा बैठकीतूनच. दार आत उघडलं की पल्ल्याची कड बराबर शेगडीपुढच्या माणसाला लागायची. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेतल्या तर पल्ला सिलिंडरवर आपटायचा.

मी गंगाधररावांना बोलावून घेतलं. "दार बाहेर उघडू द्या. बैठकीच्या बाजूनं."

"बैठकीत? पाव्हण्याच्या अंगावर यील की."

"आत तुमच्या सुनेच्या अंगावर येतंय."

"ती घरचीच हाय. सवय व्हईल तिला."

ऐका! सवय म्हणे.

"मग सरकतं दार करू."

"दुकान हाय का हे?"

"बरं, दारच काढून टाकू. पडदा लावा."

"अन् बैठकीतून सून दिसली म्हंजी? चार लोक बसतेत माझ्याकडं. काय बोलून राहिले इंजिनिअर तुमी!"

दार पाहिजे, ते लोटलेलं पाहिजे आणि आतच उघडलं पाहिजे. का, तर बैठकीतल्या माणसाला सून दिसू नये. स्वयंपाकघर तिचं, पण ते आखलं होतं बैठकीतल्या माणसांसाठी.

मी जायला निघालो तेव्हा वर्षा मागच्या अंगणात आली. डोक्यावरचा पदर सावरत हळूच म्हणाली, "साहेब, मामा तुमचं ऐकतेत. म्या बोललं तर घरात तकलीफ व्हती. दाराचं तेवढं करून द्या. मला शिवणाचा क्लास काढायचा हाय. हात जपावं लागतेत वो."

गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज तिच्याच मशीनवर शिवून जात होते. समोरच्या खोलीत क्लास काढायला नवराही तयार होता. सगळं ठरलेलं.

"बघतो," म्हणालो. काय बघितलं? डोंबल! गंगाधररावांच्या साखरा गावच्या मेव्हण्याचं घर माझ्याकडं बांधायला यायचं होतं. आता मालकाशी वाकडं कशाला घ्या, असं मनाला समजावलं. हलकट विचार, पण केला.

वास्तुशांत झाली. मी जेवूनही आलो. दार तसंच.

दोन महिन्यांनी तिच्या नवऱ्याचा, माधवचा फोन. घरात सोयरिकीची बोलणी चालली होती, बैठक भरलेली. वर्षा पुऱ्या तळत होती. चहाला उशीर काहून, म्हणून गंगाधररावांनी स्वतःच दार ढकललं. पल्ला तिला लागला, ती कढईवर झुकली, कढई कलंडली. उकळतं तेल सगळं उजव्या हातावर. हिंगोलीच्या दवाखान्यात महिना काढला.

त्यानंतर गंगाधररावांनीच बोलावलं. वाटलं, आता तरी डोळे उघडले. गेलो, तर म्हणतात, "दाराला आतून कडी बसवून द्या मजबूत. तळायचं असलं की लावून घील ती."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "शाबास! आत भडका उडाला तर जळक्या हातानं कडी कोण काढणार? तुम्ही?"

इतके दिवस बापापुढं तोंड न उघडलेला माधव उठला आणि सुताराला घेऊन आला. चौकटीची खाच पलीकडून कोरली, बिजागऱ्या फिरवल्या, पल्ला बाहेर उघडायला लागला. एका सकाळचं काम. बैठकीतली एक खुर्ची हातभर सरकवावी लागली. एवढ्यासाठी बाईचा हात गेला.

वर्षा मशीनपाशी बसली होती. मशीनवर कापड घातलेलं. डॉक्टरनं दिलेला रबरी चेंडू दाबत होती. बोटं अर्ध्यावर येऊन थांबत होती, कातडी ताणून पांढरी पडत होती.

"झालं बघ दार," मी म्हणालो. "आता नाही लागणार."

तिनं चेंडू खाली ठेवला. आवाज चढला नाही, की डोळ्यांत पाणी नाही.

"साहेब, मामाला न्हाई कळलं. माह्या मालकाला न्हाई कळलं. तुमाला तर तवाच कळलं होतं न?"

मी टेप गुंडाळून बाहेर पडलो.

साखऱ्याचं घर मी बांधलं. छान झालं, लोक नाव घेतात. वर्षाचा क्लास निघाला नाही.

आता प्लॅन पुढ्यात आला की आधी विचारतो, इथं रांधणार कोण? तिला बोलवा. मालकाला राग येतो, येऊ द्या. तिचं ऐकलं नाही तर काम सोडून देतो. आजवर अशी दोन सोडली. सोडायला पाहिजे होतं ते गोरेगावचं.