बेंजोची चावी

सायली, बस हितं आन् म्या सांगते तसं लिव. शाळेतल्या भाषेत बदलू नको. माझी जाऊ वनमाला, तू जिला धाकटी आज्जी म्हणतीस, तिचं लिव. आता दारात बाजरी निवडत गप बसती ना, तिला एक टायमाला बेंजो वाजविता येत व्हता. खोटं न्हाई. म्या सवता ऐकलाय.

लग्नात नवरदेवाम्होरं वाजतोय, त्योच बेंजो. लांबोळकी फळी, तिच्यावर तारा, वर बटनं. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या.

आमी दसरा झाला की शिरूर कासारातनं ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला जायचो, फडाशेजारी पाचटाच्या कोप्या घालून ऱ्हायचो. वनमालाची गर्भाची पिशवी काढली, तवापसनं तिला उसाची मोळी डोक्यावर घेववंना. तिचा नवरा, मुंजाजीभावजी, म्हणाले, "तू आता कोपीवरच ऱ्हा. भाकरी कर, लेकरं बघ." भाकरी दहा वाजता व्हायच्या. मग दिवसभर काय? ती मला म्हणायची, "आक्का, हात रिकामे असले की मला गुन्हा केल्यावानी वाटतंय."

तिथल्या बाजारात एक बेंजोवाला भेटला. त्यानं नवा घेतला व्हता, जुना इकायचा व्हता. वनमालाचा एक बोकड व्हता, उसाचं वाढं खाऊन ह्यो माजलेला. दिला त्यो, आन् घिऊन आली बेंजो.

सांजच्याला भावजी फडातनं आले, तर खुट्ट्याला बोकड न्हाई.

"बोकड कुटंय?"

"ह्यो काय," म्हणत तिनं बेंजो दावला.

"आगं, बोकड शिजवून खाता येतंय. ह्येचा काय रस्सा करतीस?"

सगळ्या कोप्या हासल्या. म्या बी हासले. वनमाला बी हासली, तवा हासायची ती.

शिकविणारं कोण व्हतं? कुणी न्हाई. तिच्या लेकाच्या, आंगदच्या मोबाईलमदी एक गवळण व्हती, ती लावायची आन् एकेक बटन दाबून बघायची. सापडलं बटन की त्याच्यावर टिकली लावायची. सुरवात जितं, तितं लाल. वर जायचं तितं हिरवी. लेकरं कट्टाळून पळून जायची. बोटाला फोड आले तर त्याच्यावर हळद लावून पुना बसायची. संकरातीपतूर नुसतं खडखड, खडखड. आन् मग एक दिवस म्या मोळी टाकून पाणी प्यायला आले, तर गवळण ऐकू आली, आख्खी. मला वाटलं मोबाईलच वाजायलाय. म्या हंडा तसाच धरून हुबी ऱ्हायले. तिनं वर बघितलं, म्हणली, "आक्का, यंदा सप्त्यात वाजविते. काल्याच्या दिवशी. टाळ धरून धरून माझा जलम गेला."

तिला तेवढंच पायजे व्हतं, बाई. गावानं एकदा ऐकावं.

बेंजोवाल्यानं बेंजोसंगं एक बारकी लोखंडी चावी दिलती. आता बेंजोला कुलूप न्हाई, तर चावी कशाला? आमाला काय कळंना. गावाकडं आल्यावर ती राधाकिशनकडं गेली. भजनात पेटी त्योच वाजवितो, चाळीस वर्सं झाली. म्या संगं व्हते. वनमाला म्हणली, "भावजी, एकदा तुमच्या पेटीसंगं वाजवून बघते." त्यो म्हणला, "आयत्या टायमाला बसू की. घाई काय?" तिनं चावी दावली. "ही कशाची?" त्यानं चावी हातात घेतली, उलटी-पालटी केली आन् म्हणला, "जपून ठेव. हरवू नको."

तिनं कुंकवाच्या करंड्यात ठिवली. लई जपून.

काल्याच्या दिवशी दुपारी बायांचं भजन. मांडव भरलेला, माईक लावलेला. राधाकिशननं पेटी धरली, आमी गवळण उचलली, आन् वनमालानं बेंजो चालू केला.

काय सांगू तुला. पेटी एकीकडं, बेंजो दुसरीकडं. बोटं बराब्बर टिकल्यावर पडायलती, म्या बघायलते ना. पर सूर काय जुळंना. बाया गडबडल्या, निम्म्या पेटीमागं, निम्म्या बेंजोमागं. मांडवातनं कोण तरी वरडलं, "मुंजाजी, बोकड वरडायलंय बे तुजं!" समदा मांडव हासला. राधाकिशन पेटीवर मान घालून वाजवितच ऱ्हायला. वनमाला माझ्याकडं बघायली. आन् म्या, तिची थोरली जाऊ, तिच्या तारांवर हात ठिवला आन् म्हणले, "बंद कर ते. घराची इज्जत घालविलीस."

माईक माझ्याच तोंडाम्होरं व्हता. ते आख्ख्या गावानं ऐकलं.

तिनं बेंजो लुगड्यात गुंडाळला आन् उठून गेली. कालासुदिक घेतला न्हाई.

त्याला सहा वर्सं झाली. गेल्या उन्हाळ्यात तुज्या भावाच्या लग्नाला बेंजो पार्टी आलती, त्यातला बंकट. ऊन लई व्हतं म्हणून आमच्या ओट्यावर बसला. आत खुटीला गाठोडं बघून म्हणला, "काकू, बेंजो हाय का काय त्यो?" सोडला, वाजविला, म्हणला, "चावी कुटंय?"

वनमालानं करंड्यातनं चावी आणून दिली. त्यानं तारांच्या खिळ्याला चावी लावली आन् पिळली. उलसंक ह्यो खिळा, उलसंक त्यो. चहाला उकळी येऊस्तवर झालं.

"एवढंच असतंय काकू. ज्या पेटीसंगं वाजवायचं, तिला मिळवून घ्यायचा. कोण बी पेटीवाला सांगंल." मग टिकल्या बघून म्हणला, "ह्ये कुणी लावल्या? गवळण हाय की ही! बराब्बर हाय. वाजवा ना."

वनमालानं बेंजो मांडीवर घेतला. लाल टिकलीवर बोट ठिवलं, बटन दाबलं. तार छेडलीच न्हाई. मग नखानं एकेक टिकली खरडून काढली आन् बेंजो त्याच्याकडं सरकविला. "घिऊन जा."

"काय देऊ काकू?"

"बोकड दे," म्हणली. आन् आत गेली.

म्या तशीच राधाकिशनच्या घरी गेले. म्हणलं, "भावजी, त्या चावीचं तुमाला म्हाईत व्हतं का?"

त्यो सुपारी कातरत व्हता. "व्हतं की. पर वैनी, पेटीशेजारी बायामाणसानं बेंजो घिऊन बसायचं, मग आमी काय भाकरी थापाव्या?"

"एका सबदाचं काम व्हतं."

"मग म्या काय बोललो तिला? बोलल्या तर तुमीच. माईकवर."

म्या माघारी फिरले.

वनमाला मला काय टाकून बोलत न्हाई. मीठ लागलं तर मागती, पाय दुखले तर दाबून देती. भजनाला मातुर येत न्हाई. येकदा म्या म्हणले, "वनमाला, चुकले गं म्या." ती म्हणली, "आक्का, भाकर करपायली तुमची."

लिवलंस का समदं? राधाकिशनचं नाव लिवलं ना? लिव. आन् तारांवर हात कुणी ठिवला, तितं जाऊ-बिऊ लिवू नको. बायनाबाई लिव. माझं नाव.