दातांवरून वय

"आ कर. आणखी मोठा."

डॉक्टरांनी दोन बोटांनी आप्पांचा वरचा ओठ सरकवला. आत दात होते. सगळे. घट्ट.

कारकून टेबलावरून वाकला. "जुळला की बे म्हातारा! अजून चार बाजार चालंल."

दवाखान्याच्या ओसरीवरचे सगळे हसले.

आप्पा माझे चुलते. बिनलेकराचे. आईबापांमागे मला त्यांनीच वाढवले. त्यांची हयात मेंढरांमागे गेली. चौसाळ्याच्या बाजारात मेंढराचा ओठ वर करून ते वय सांगत: दोन दाती, चार दाती, जुळलेले म्हणजे भर वयाचे. व्यापारी त्यांचा शब्द मानत. त्याच भाषेत त्या दिवशी त्यांचे वय ठरले. आणि मीही, हातात अर्ज धरून, हसलो. हे प्रथम नमूद करतो.

तहसीलसमोर पहिला एसटीडी बूथ लागला, ते वर्ष. त्या बूथच्या सावलीत मी अर्ज लिहीत असे. शिक्षण सातवी, परंतु माझ्या मसुद्यात खोट काढणारा वकील अद्याप भेटायचा आहे. निराधारांच्या पगारासाठी, म्हणजे सरकारी मदतीसाठी, आप्पांना पासष्ट वर्षे पूर्ण झाल्याचा दाखला हवा होता. जन्माची नोंद नव्हती. म्हणून त्यांचे शरीरच मी पुरावा म्हणून मांडले. मला खांद्यावर घेऊन डोंगर चढणारा तो माणूस आता माझ्या छातीला लागत होता. पाठ वाकली. गुडघे सुजलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, कानांत पांढरे केस, मनगटावर कातडी सैल. सर्व क्रमवार लिहिले होते. डॉक्टरांनी ते वाचले नाही. दात पाहिले आणि लिहिले: वय अंदाजे पंचावन्न.

परतताना आप्पांनी विचारले, "दात नसले तर देतेत का रे?"

"पुराव्याला महत्त्व असते, आप्पा," मी म्हणालो. मोठ्या रुबाबात. पुस्तकी भाषेत.

महिन्याने ते सकाळीच माझ्याकडे आले. तोंडावर पटक्याचे टोक दाबलेले. पुढचे सहा दात नव्हते. बैलांना नाल मारणाऱ्याची पकड मागून आणली होती. स्वतःच्या हाताने, आदल्या दिवशी.

"चल," एवढेच म्हणाले.

मी त्यांना पुन्हा घेऊन गेलो. हेही नमूद करतो.

डॉक्टरांनी पाहिले. "हे उपटलेत. हिरडी ओली आहे." वय तेच राहिले.

कारकून खुर्चीतून उठला. "कावून बे म्हाताऱ्या, सायबाला फशिवतो? आ कर. समद्यायला दिसू दे."

आप्पांनी तोंड उघडले. मुकाट. मेंढरासारखे.

मी माझा तळहात त्यांच्या तोंडावर ठेवला. हाताला रक्त लागले.

"मिटा, आप्पा. आता कुनालाच दावायचं न्हाई."

ओसरीवर कुणी हसले नाही.

अर्ज फेटाळला गेला. पाण्यात भिजवलेली भाकरी गिळत आप्पा आणखी दोन वर्षे जगले. पगार आला नाही.

तेव्हापासून वयाच्या दाखल्यासाठी मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाखाली एक ओळ असते: अर्जदार तोंड उघडून दात दाखवणार नाही. ज्याला दाखवायचे असतील, त्याने दुसरा अर्जनवीस गाठावा. बहुतेक जण गाठतात. उरलेल्यांचे अर्ज परत येतात.

मी ती ओळ खोडत नाही.