तळाचा तोफवाला

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी संगणकावर गेम खेळायचं दुकान आहे. दर रविवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन मी तिथे युद्धाला जातो. आम्हा चाळिशीतल्या सगळ्या वीरांना लढाऊ विमानच हवं असतं. विमानं पाडायची तोफगाडी कोणी घेत नाही, म्हणून ती काकांकडे. काका फौजेतून निवृत्त झालेले, साठीचे. नाव आम्ही कधी विचारलं नाही. ते चपला बाहेर काढतात, माउस रुमालाने पुसतात, गाडी एखाद्या घराआड लावतात आणि नुसते बसून राहतात.

परवा खेळात आमच्या संघाला एक पूल राखायचा होता. लांबवर विमान दिसलं.

"काका, मारा की."

"आरं गड्या, लांबनं मारलं की त्याला आपली जागा कळती. जवळ येऊ द्यायचं, मारायचं, आन् लगेच जागा बदलायची."

तशी त्यांनी दोन पाडली. मग शत्रूचं एकही विमान पुलाकडे फिरकलं नाही. मी मात्र आभाळात नऊ पाडली आणि अकरा वेळा मेलो. पूल वाचला, आम्ही जिंकलो. गुणांच्या यादीत मी पहिला, काका तळाला.

"दोनच, काका? फौजेत किती पाडली?"

"एक बी न्हाई. सतरा वर्सं तोफंपाशी बसलो. विमान आलंच न्हाई."

"म्हणजे नोकरी फुकटच गेली."

रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "विमान आलं न्हाई म्हंजे आमी काम केलं, न्हवं का?"

मी पिशवी उचलली. ती रिकामीच होती, आणि मंडई केव्हाच उठली होती.