दोन दातांचं उट्टं

त्याच्या तोंडात वरचे पुढचे दोन दात नव्हते, आणि ते नसल्याचा त्याला भलताच अभिमान होता. 'स' म्हणायला गेला की फटीतून बारीक शिट्टी निघायची, म्हणून सामान हलवणाऱ्या यच्चयावत टोळ्यांत त्याचं नाव शिट्टी पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त बायकोच्या लक्षात होतं, आणि तीही ते भांडणातच बाहेर काढायची.

"अहो, दात बसवून घ्या," असं ती अकरा वर्षं म्हणत आली होती. "माझ्या भाचीच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही उघडं राहिलेलं दार दिसताय."

"उट्टं काढलं की लावीन," हे त्याचं ठरलेलं उत्तर. ते म्हणताना शिट्टी वाजत नसे, म्हणून ते जास्तच गंभीर वाटे. उट्टं कुणाचं, हे तिने विचारण्याची सोय नव्हती. ते तिच्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं.

त्याचं असं झालं. शिट्टी आणि त्याचा साडू, दोघे एका मुकादमाच्या टोळीत होते. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या एका घरातून काढून दुसऱ्या घरात न्यायच्या, हा धंदा. मुकादमाची रीत सोपी होती. जिना उतरताना ज्याचे खांदे बैलासारखे तो खाली, पाठमोरा. ज्याची जीभ चालते तो वर. खालच्याला मागचं काही दिसत नाही, म्हणून वरच्याने पायऱ्या मोजत जायचं आणि जमीन आली की "सपाट" म्हणायचं. शिट्टीचे खांदे बैलासारखे होते. साडूच्या जिभेबद्दल काही सांगायला नको.

एका दुपारी तीन आरशांचं कपाट उतरवताना साडू म्हणाला, "सपाट." सपाट नव्हतं. एक पायरी शिल्लक होती. शिट्टीने जमीन समजून पाय टाकला तो हवेत, आणि कपाटाचा कोपरा आला तोंडावर. दोन दात गेले, तिन्ही आरसे गेले. घरमालकीण किंचाळायच्या आत साडू शांतपणे म्हणाला, "ह्याचा पाय घसरला. सकाळपासून लक्ष नव्हतं ह्याचं." मुकादमाने संध्याकाळी शिट्टीला टोळीतून काढलं आणि महिनाभरात साडूला आपला उजवा हात केलं.

खोटं बोलताना साडूचा आवाज तसूभर हलला नाही, हे शिट्टीला दातांपेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून त्याने जो डूख धरला तो सोडला नाही. दोघी बहिणी एकमेकींकडे जायच्या, तेव्हा नवऱ्यांनाही जावं लागायचं. शिट्टी मुद्दाम साडूच्या समोरची जागा धरायचा आणि शोधून शोधून शब्द वापरायचा. "साडूसाहेब, सगळं सुखरूप ना? सासूबाई सांगत होत्या, सध्या सुस्त असता." एका वाक्यात सहा-सात शिट्ट्या. साडूचा घास घशात अडकायचा. पोरं हसायची. दोघी बहिणी ताटाकडे बघत बसायच्या.

मुकादमाने हाकलल्यावर शिट्टीला कामाला घेतलं ते आत्याने. ही कुणाची आत्या हे कुणालाच माहीत नव्हतं. नवरा वारल्यावर त्याची टोळी तिने चालवायला घेतली, त्याचेच बूट घातले, पुढे कापूस कोंबून, आणि साठीपर्यंत स्वतः ओझी उचलली. नवऱ्याच्या हयातीतही खरी टोळी तीच चालवायची, तो नुसता बूट घालून उभा असायचा, असं जुनी माणसं अजून सांगतात.

आत्याची रीत उलटी. तिच्या टोळीत दर मजल्यावर, जिन्याच्या वळणाला, ओझं टेकवून दोघांनी टोकं बदलायची. खालचा वर, वरचा खाली. वर येणाऱ्याला दुसरा म्हणायचा, "हुकूम तुझा." तो म्हणायचा, "हुकूम माझा." मग पुढच्या वळणापर्यंत तो मालक. आत्या समोर उभी असली तरी तिने तोंड उघडायचं नाही. मोजणारे दोघेही, म्हणून आदल्या दिवशी दोघांनीही जिना चढून पायऱ्या आपापल्या मोजून यायच्या. दुसऱ्याने सांगितलेला आकडा चालत नसे.

आणि एक नियम. खालच्याने मान वळवून मागे बघायचं नाही.

हा नियम शिट्टीच्या गळी उतरायला दोन महिने लागले. ओठ शिवलेला, डोकं भडकलेलं. दर पायरीला मान मागे. शेवटी आत्या त्याला एका रिकाम्या इमारतीत घेऊन गेली, एका पेटीत विटा भरल्या आणि वरचं टोक स्वतः धरलं.

"मान वळली की खांदा वळतो," ती म्हणाली, "खांदा वळला की ओझं कलंडतं, आणि मग वरचाही तुझ्यासकट खाली येतो. मी ह्या वयात आले तर परत उठायची नाही."

"आणि तुम्ही मोजायला चुकलात तर?"

"तर तू पडशील."

"म्हणजे मीच पडायचं."

"पुढच्या मजल्यावर मी खाली आहे. तेव्हा चुकायची पाळी तुझी."

तो हसला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मागे न बघता अठरा पायऱ्या उतरला.

ओझं उचलण्याआधी आत्या त्यावर तळहात ठेवून डोळे मिटायची, क्षणभरच. शिट्टीने एकदा विचारलं, काय मागता म्हणून.

"मागत नाही. त्याला सांगते, की हे एकटीचं नाही, म्हणून उचलतेय."

"मला नाही वाटत वर कुणी बघतंय असं. बघत असता तर माझे दात राहिले असते."

"न बघता पाय टाकतोस ना? मग तुझा देव तुझ्या टाचेत आहे," आत्या म्हणाली. "तिथे असला तरी चालतो."

अशी अकरा वर्षं गेली. आत्याचे गुडघे गेले. आता ती जिन्याखाली स्टुलावर बसून नुसती ऐकायची. टोळी पुढे कुणाकडे जाणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, शिट्टीने तर सगळ्यांच्या आधी. आणि नेमकं तेव्हा मुकादमाने आपला धंदा पुतण्याला दिला, पुतण्याने पहिल्याच दिवशी साडूला घरी पाठवलं, आणि आत्याने त्याला ठेवून घेतलं.

शिट्टी तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "हा माणूस कोण आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"तुझा साडू."

"तो सोडून दुसरं काय आहे, तेही ठाऊक आहे."

"आहे. दंतवैद्याचं काम आलंय, चौथ्या मजल्यावरून. खुर्चीचा लोखंडी पाया तुम्ही दोघं उतरवा. मग टोळीचं काय ते सांगते."

टोळीतल्या वकिलाने, म्हणजे दर गोष्टीत मुद्दा काढणाऱ्या एका हमालाने, तिथल्या तिथे शेरा मारला, "दुसऱ्यावर दात ठेवायचा तर आधी तोंडात असावा लागतो." शिट्टीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याला अकरा वर्षांत आली नव्हती अशी झोप त्या दिवशी आली, तीही भर दुपारी.

कामाच्या आदल्या दिवशी तो दंतवैद्याच्या इमारतीत जाऊन पायऱ्या मोजून आला. चौथ्यापासून पहिल्यापर्यंत दर मजल्याला चौदा. पहिल्यापासून तळापर्यंत मात्र पंधरा. बांधणाऱ्याचं गणित शेवटी चुकलं असावं. शिट्टी त्या पंधराव्या पायरीवर बसला आणि तिला त्याने हाताने थोपटलं. काही विशेष करायचंच नव्हतं. चौदा मोजायच्या आणि म्हणायचं, सपाट. मग आत्यासमोर, दंतवैद्यासमोर, त्याच थंड आवाजात म्हणायचं, "ह्याचा पाय घसरला. सकाळपासून लक्ष नव्हतं ह्याचं." हे वाक्य त्याने घरी आरशासमोर इतक्या वेळा म्हटलं, की त्यातल्या शिट्ट्याही जागच्या जागी बसल्या. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण घसरलं हो?"

"अजून कुणी नाही," तो म्हणाला.

शेवटच्या मजल्याला वर राहायचं, तर सुरुवात खालून करायला हवी. म्हणून चौथ्या मजल्यावर शिट्टी आपणहून खाली उभा राहिला. वकिलाच्या भुवया कपाळावर गेल्या. पट्टे खांद्यांवर चढले, लोखंड उचललं गेलं, आणि साडू मोजू लागला. "एक. दोन. तीन." शिट्टीची मान ताठ होती, पण दर आकड्याला फटीतून वारा आत जात होता. चौदा झाल्या. "सपाट." खरंच सपाट होतं.

दुसऱ्या मजल्यापर्यंत हुकूम शिट्टीचा. साडू पाठमोरा उतरत होता आणि एकदाही मागे बघत नव्हता. शिट्टीला ते खुपलं. नालायकाने एकदा तरी बघावं, म्हणजे आपल्या मनाला तेवढीच उभारी. पण साडू बिनघोर बैलासारखा, आकडा आला की पाय, आकडा आला की पाय. पुढच्या मजल्यावर पुन्हा साडूने मोजलं, पुन्हा बरोबर मोजलं. आता उरला एकच जिना.

पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांनी ओझं टेकवलं. साडूने घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "ह्या शेवटच्या जिन्याला एक जास्त आहे. पंधरा. काल मोजल्यात मी."

शिट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. ह्या टोळीत मोजणारे दोघेही असतात, हे तो अकरा वर्षं नव्या माणसांना शिकवत आला होता. साडूच्या बाबतीत तेवढं विसरला. त्याच्या मनातला साडू अजून मुकादमाच्याच टोळीत उभा होता.

"मग आता मागे बघत उतरशील," शिट्टी म्हणाला.

"इथे मान वळवत नाहीत म्हणे." साडूने पट्टा खांद्यावर घेतला आणि जिन्याकडे पाठ केली. "तू म्हणशील तिथे मी पाय टाकेन. हुकूम तुझा."

"हुकूम माझा," शिट्टी म्हणाला. त्याला वाटलं, चोरायला निघालो तीच वस्तू कुणी ताटात वाढून पुढे केली.

एक. दोन. खाली स्टुलावर आत्या डोळे मिटून ऐकत होती. शेजारी दंतवैद्य हात चोळत उभा होता. सात. आठ. साडूच्या तोंडातले बत्तीसच्या बत्तीस दात शिट्टीला वरून दिसत होते. बारा. तेरा. चौदा.

"थांब," शिट्टी म्हणाला.

साडू थांबला. लोखंडाचा बहुतेक भार त्याच्यावर होता आणि एक पाय अधांतरी.

"त्या दिवशी कपाटाच्या वेळी किती राहिल्या होत्या?"

"हे आत्ता?"

"हुकूम माझा आहे. किती?"

"एक."

"मोठ्याने. खाली ऐकू जाऊ दे."

"एक राहिली होती." पट्टा साडूच्या खांद्यात रुतत चालला. "मी बघत नव्हतो. मालकीणबाई खिडकीत उभ्या होत्या, तिकडे बघत होतो."

खाली वकिलाने खोकल्याचं सोंग केलं.

"आणि माझा पाय?"

"नव्हता घसरला. मुकादम तुला वर घेणार होता, मला कळलं होतं. म्हणून बोललो तसं. आता सोड, पाठ मोडेल माझी."

शिट्टीने आणखी तीन श्वास मोजले. ते तीन त्याने तीन आरशांचे धरले, असं तो पुढे सांगायचा.

"एक," तो मग म्हणाला. साडूने न बघता पाय टाकला. "सपाट."

दंतवैद्याने सुटकेचा श्वास सोडला तो फार लवकर. आत्या स्टुलावरून उठली होती. "झालं तुझं?" तिने शिट्टीला विचारलं. "हुकूम दुसऱ्याचे पाय सांभाळायला दिलेला असतो. तू ओझ्याखाली माणूस टांगून ठेवलास. लोखंड परत वर न्या आणि हा जिना नीट उतरा. ह्या खेपेला तू खाली."

"आत्या, ह्याच्या मोजणीवर? हा शेवटचा जिना?"

"टाच तुझी आहे. काय करायचं ते तिला विचार."

ओझं परत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. वळणावर शिट्टी पाठमोरा उभा राहिला. दाराआड लपलेल्या माणसाला जसा घाम फुटतो तसा त्याला फुटला होता. "हुकूम तुझा," हे शब्द त्याने घासातला खडा थुंकावा तसे थुंकले.

साडूने मोजलं. चौदावर त्याचा आवाज किंचित थांबला, आणि शिट्टीची मान केसभर वळली. फक्त केसभर. मग ती परत सरळ झाली, त्याने डोळे मिटले आणि टाच खाली सोडली.

"एक," साडू म्हणाला. टाचेला पायरी लागली. "आता सपाट."

आत्याने लोखंडावर तळहात ठेवला, ह्या वेळी उतरल्यानंतर. "टोळी उद्यापासून दोघांची," ती म्हणाली. "एक महिना हा, एक महिना तू."

"ह्याच्याबरोबर? अकरा वर्षं झाली तरी मी ह्याला माफ केलेलं नाही."

"नको करूस. ह्याच्यावरून तुझी नजर कधी हलणार नाही, आणि तुझ्या भीतीने हा कधी चुकीचं मोजणार नाही. असे दोघं मला शोधून मिळाले नसते."

शिट्टीने साडूकडे बघितलं. साडू पाठ चोळत होता, आणि बघणाऱ्याला दया यावी इतका वाकला होता. शिट्टीला दया आली नाही, पण बरं वाटलं.

खुर्ची नव्या दवाखान्यात बसल्यावर दंतवैद्याने त्याला तीत बसवलं. "दोन्ही बसवून देतो."

शिट्टीने विचार केला. कबुली मिळाली होती, पण मोजून अर्धीच. मालकीणबाईंचं प्रकरण मेहुणीला कळायचं होतं.

"एकच बसवा," तो म्हणाला.

त्या रविवारी तो साडूच्या समोर बसला, घास घेतला, पाणी प्यायला आणि मेहुणीकडे वळून गोड हसला. "सांगू का एक गोष्ट," तो म्हणाला. अर्ध्या फटीतून शिट्टी निघाली, पहिल्यापेक्षा बारीक आणि चांगलीच तीक्ष्ण.

साडूचा घास घशात अडकला. "सध्या हुकूम माझा आहे," तो कसाबसा म्हणाला.

"महिनाअखेरपर्यंत," शिट्टी म्हणाला, आणि त्याने दुसरा घास घेतला.