बसायची पायरी

क्रिकेट म्हणजे काय, हे मला कधी कळलं नव्हतं. जालन्याकडून सुरतेला आलो, नवागामात खोली घेतली, आणि नव्वदनंतर कधीतरी एका मैदानावर प्रेक्षकांना बसायला नवीन पायऱ्या बांधायचं काम लागलं. आमचे मालक गवंडी, मी नवऱ्याच्याच हाताखाली. विटा देता देता माझं एकच चाललेलं: लोक दिवसभर बसून बघतात तरी काय? चेंडू केवढा असतो? एवढ्या लांबून दिसतो का? मालक म्हणायचे, तुला काय करायचंय, माल कालव. पण मी कसली गप्प बसते!

तीन रांगा उठल्या, वर फरश्याही बसल्या. नकाशात पायरी चांगली उंच होती. मालकांनी मात्र प्रत्येक पायरीला विटांचा एक थर कमी लावला. अंगचोरपणा नव्हता तो. गावाकडं त्यांनी देवळाच्या पायऱ्या बांधलेल्या. पायरी म्हटली की म्हाताऱ्या माणसाला चढता आली पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्या फरश्यांवरून ते येता-जाता हात फिरवायचे आणि मला बाई हसू यायचं.

पुढच्या रांगा लावायच्या आधी सुपरवायझर आला. त्यानं टेप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. उंची वाढवायची तर सगळ्या फरश्या उखडायच्या, ते त्याच्याही जिवावर आलेलं. मग त्यानं मैदानाच्या मधोमध एक घमेलं पालथं ठेवलं आणि गवंड्यांना रांगांमध्ये पुढंमागं बसवलं. पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं का? दिसतं, सगळे म्हणाले. मालकांचा चेहरा खुलला. सुपरवायझर म्हणाला, मग असंच चालू द्या.

मला राहवेना. मागच्या रांगेत जाऊन बसले. डोळ्यांपुढं एका गवंड्याचं मुंडासं. मान उंच केली, तिरपी केली. कसलं घमेलं नि कसलं काय.

सुपरवायझरनं गंमत म्हणून विचारलं, "बेन, देखाय छे?"

मालक माझ्याकडं बघत होते. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांच्या हातचं इतक्या दिवसांचं काम होतं. तरी तोंडातून निघालंच, "नाही दिसत."

सगळे हसले. सुपरवायझर म्हणाला, तू पडलीस ठेंगणी, आणि बायका कुठं मॅच बघायला येतात! मालक वर चढून आले, मला सरकायला सांगितलं, माझ्या जागी बसले आणि खांदे पाडून माझ्या उंचीला आले. त्यांनीही मान उंच केली, तिरपी केली. मला वाटलं, आता घरी गेल्यावर आपलं काही खरं नाही.

मग ते उठले आणि सुपरवायझरला मराठीतच म्हणाले, "ही आलीय की बघायला."

पहार मागवली आणि पहिली फरशी त्यांनी स्वतःच उखडली.