शेवंतीचा डबा

देवीदास सोमकुवरने उभ्या हयातीत एकही फुलझाड लावले नव्हते. झाड म्हणजे संत्रे, एवढेच त्याला ठाऊक. सौसरहून रामाकोन्याकडे जाताना दोन्ही हातांना ज्या बागा लागतात, त्यांतल्या निम्म्यांत त्याची कुदळ चाललेली होती. झाडांना आळी करायची, वाळलेल्या फांद्या काढायच्या, पाणी फिरवायचे, हंगामात फळे तोडायची. साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्याने कुदळ कोपऱ्यात उभी केली. तरी थंडीत कोणी ना कोणी बागवाला दारात यायचाच. ताण कधी तोडायचा ते देवीदासला विचारून ठरे.

ताण म्हणजे झाडाला तहानलेले ठेवणे. थंडीत बागेचे पाणी बंद करायचे. पाने मलूल होतात, काही गळतात. मालक पाणी सोडायला धावतो. देवीदास घाबरत नसे. पान मुठीत चुरून म्हणे, "अजून नाई. राहू द्या." मग वेळ साधून पाणी सोडले की अख्खी बाग पांढऱ्या फुलांनी लदबदून जाई. त्रास दिल्याशिवाय झाड मनावर घेत नाही, असे तो म्हणायचा. सरकारी नर्सरीतला साहेब काही वेगळे सांगे, पण बहार येई तो ताणावरच.

घरातली फुलझाडे त्याच्या बायकोची, इंदूची. छपरीत ओळीने डालड्याचे डबे, एक फुटका माठ, तेलाचे कापलेले पिंप. त्यांत गावठी गुलाब, जास्वंद, क्रोटन, पानओवा. आणि सगळ्यांत पुढे पांढरी शेवंती. शाळेच्या इमारतीवर घमेली उचलायला होती, तेव्हा तिथल्या माळ्याकडून तिने शेवंतीचे एक पिल्लू पदरात बांधून आणले होते. दरवर्षी फुले सरली की झाड छाटायचे, बुडाशी फुटलेली पिल्ले वेगळी करायची, आळीभर वाटायची आणि एक आपल्या डब्यात ठेवायचे. अलका, त्यांची एकुलती लेक, जन्मली नव्हती तेव्हापासून हे चाललेले.

पौषाच्या थंडीत इंदू सांजेला एकेक डबा उचलून घरात आणी आणि उन्हे अंगणात उतरली की परत बाहेर नेई. भरल्या मातीचा डबा हलका नसतो. देवीदास बाजेवर बसून पाही. एकदाही त्याने हात लावला नव्हता.

"लेकरं निजवून राहिली का?" तो विचारी.

"तुमची बाग मालकाची," ती डबा छातीशी धरून म्हणे. "हे माह्यं हाय."

माघ लागला की ती काडी घेऊन अंगणात रेघा ओढायची. पावसाळ्यात गुलाब इथे उतरवायचा, जास्वंद तिथे, शेवंतीची पिल्ले कुंपणाला लागून. पाऊस यायला चार महिने असत.

"पाऊस मिरगात, अन् हिचं अंगण माघात," देवीदास म्हणे.

एकदा त्याच्या सांगण्यावरून तिने एक गुलाब मोरीच्या तोंडाशी लावला होता, पाणी आयते मिळेल म्हणून. साबणाच्या पाण्याने गुलाब सडला. इंदू महिनाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. आळीला मात्र सारे मोठ्याने सांगितले होते.

एका वर्षी दिवाळीनंतर इंदूला लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचा गेली. डॉक्टरने नाडी पाहिली, गोळ्या दिल्या, म्हणाला, सेवा करा. अलका नागपूरहून लहान रुळाच्या गाडीने आली, राहिली, तिनेच मायची एक खूण बसवली. हो असेल तर डोळे मिटायचे, नाही असेल तर डावा हात हलवायचा. मग तिचीही लेकरे होती, सासू होती.

"बाबा, मायच्या झाडाईकडे पाहजा," जाताना ती म्हणाली. "त्याच्यातच जीव हाय तिचा."

देवीदासने बाज दाराशी ओढली, म्हणजे इंदूला छपरी दिसेल. मग तो कामाला लागला. काम म्हटले की त्याला कसर चालत नसे. सांजेला डबे आत, सकाळी बाहेर. गुडघे ठणकत, पण एक डबा चुकला नाही. आणि त्याने डब्यांचे पाणी तोडले. माती वरवर मोकळी केली, मुळ्यांना जरा हवा दिली, जशी तो बागेत देई.

"माघात उठून बसशील तू," तो बाजेजवळ उकिडवा बसून म्हणाला. "तवा पाहाजो, सारी छपरी पांढरी करून ठेवतो."

इंदू त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा डावा हात वर झाला आणि उशाच्या तांब्याकडे गेला.

"पाणी पायजे?"

तिने डोळे मिटले. त्याने मान उचलून तांब्या ओठाला लावला. तिने ओठ घट्ट आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेले. त्याने ते धोतराने पुसले. पुन्हा हात तांब्याकडे. पुन्हा ओठ बंद. असे रोज होऊ लागले. एकदा तिने हाताने तांब्या उडवला, पाणी जमिनीवर सांडले, आणि ते दाराकडे वाहत गेले तशी ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"पायजे म्हणते अन् पेत नाई," तो शेजारच्या शांताबाईला म्हणाला. "आता म्या काय करू?"

शांताबाई पेज घेऊन आली होती. तिचे लक्ष छपरीत गेले. शेवंतीच्या कळ्या काळ्या पडून माना टाकून होत्या.

"अवो भाऊजी, हे काय करून ठेवलं?"

"ताण देऊन राहिलो. पाहाजा मंग कशी फुलते तं."

"डोक्शावर पडले का तुमी? संत्र्याची मुळी खाली खाली जाते ओल पाहाले. हे बिचारं डब्यातून कुठी जाईन? सौसरच्या बजारात?"

देवीदासने डब्यातली माती बोटाने दाबून पाहिली. बाजेवर इंदूचा हात पुन्हा तांब्याकडे वळला होता. त्याने तांब्या घेतला, पण तिच्या तोंडाशी नेला नाही. उंबऱ्यापर्यंत गेला, शेवंतीपुढे तांब्या धरला आणि मागे वळून पाहिले.

"याच्यासाठी?"

इंदूने डोळे मिटले. ते बराच वेळ उघडले नाहीत.

ताण कसा तोडतात ते त्याला येत होते. एकदम पाणी लोटत नाहीत. पहिले हलके, माती जिरवून, मग दुसरे. त्याने तसेच केले. पाणी आधी उन्हात ठेवून कोमट केले. डबे सावलीत ओढले. जास्वंदीने काही दिवसांत मान उचलली. गुलाबाला बुडाशी लाल कोंब आला. शेवंतीचा खोडका त्याने अंगठ्याने हलकेच हलवला, तो मुळासकट हातात आला. मुळ्या केसासारख्या, वाळलेल्या. पिल्ले नव्हती. तो आळीत घरोघर गेला. वाटलेली पिल्ले लोकांनी कधीच मरू दिली होती. इंदू दरवर्षी देते म्हटल्यावर कोण जपतो?

त्यानंतर इंदूचा हात तांब्याकडे गेला नाही. पाणी लावले की ती निमूट पिऊ लागली.

माघ लागला. देवीदासने काडी घेतली आणि अंगणात वाकला. वाकणे सोपे नव्हते. त्याने एक रेघ ओढली.

"जास्वंद इथं?"

इंदूने डोळे मिटले.

"पानओवा त्या कोपऱ्यात?"

डोळे मिटले.

"क्रोटन विहिरीकडं? तिथं ऊन लय पडते."

डोळे मिटले.

तो काडी टेकून उभा राहिला. मग गुलाबाचा डबा उचलून मोरीकडे गेला, नेमका त्या जागी, साबणाचे पाणी जिथे साचते तिथे. डबा खाली ठेवला.

"अन् गुलाब इथं लावतो, अलकाची माय."

तो थांबला. तिच्या डाव्या हाताचे बोट हलले असते तरी चालले असते. इंदू डबा बघत होती, मोरी बघत होती. तिने डोळे मिटले.

"नीट पाय," तो म्हणाला. "मोरी हाय ते. माह्या नावानं वरडली होती नं तू?"

तिने पुन्हा डोळे मिटले.

देवीदासने गुलाब तिथून उचलला, कुंपणापाशी नेला, जिथे ती दरवर्षी रेघ ओढी, आणि तिला न विचारता रेघ ओढली. सांजेला वारा गार झाला तसे त्याने डबे एकेक करून आत आणले. शेवंतीचा डबा छपरीत होता, त्यात माती तेवढी उरली होती. इंदू बाजेवरून त्या डब्याकडेच बघत होती. त्याने तोही उचलला, आत आणला आणि बाकीच्या डब्यांच्या पुढे, त्याच्या जागी ठेवला.