स्पॅनिशमध्ये आग्रह

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने सांगितलं, की पुढच्या वर्षी शाळेत एक नवी भाषा घ्यायची आहे आणि तिने स्पॅनिश निवडलं आहे. तुमचा बाबा म्हणाला, "मग आजीला विचार की. ती शिकवायची." त्यावर धाकटी म्हणाली, "विच आजी?"

मला हसू आलं. पण कॉल संपल्यावर वाटलं, खरंच, यांना कुठून माहीत असणार? तुम्ही सनीव्हेलला, मी इथे शॉमबर्गला. वर्षातून एकदा येता तेव्हा मी तुम्हाला दिसते ती पोळ्या लाटताना, नाहीतर मोजे शोधून देताना. म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, आई वाचून दाखवेल. मध्ये स्पॅनिश शब्द आले की ते मात्र धाकटीने वाचायचे.

मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि पुढे इंग्रजी घेऊन बी. ए. झाले. लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा वाटलं होतं, इथे इंग्रजी शिकवीन. पण साडी नेसलेली बाई इंग्रजी शिकवणार म्हटल्यावर इथले लोक जरा थबकायचे. शेवटी तुमचा बाबा शाळेत जायला लागल्यावर मी हौस म्हणून स्पॅनिश शिकायला लागले, आणि हौसेची एम. ए. कधी झाली ते कळलंच नाही. स्पॅनिश शिकवताना कोणी थबकलं नाही. निम्म्या विद्यार्थ्यांना वाटायचं, मी पेरू देशाची असणार. मीही तो गैरसमज पहिल्या परीक्षेपर्यंत तसाच राहू द्यायचे. त्यामुळे वर्ग जरा धाकात राहायचा.

कम्युनिटी कॉलेजात मी पार्ट टाइम होते. पार्ट टाइम म्हणजे स्वतःची खोली नाही, टेबल नाही, कपाटही नाही. माझं सगळं ऑफिस गाडीच्या डिकीत असायचं: मार्कर, चित्रांचे तक्ते, प्लास्टिकची फळं, खोटी मेन्यूकार्डं, सगळं डब्यांत लावून, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून. आजोबा त्याला फिरतं दुकान म्हणायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी ते दुकान वर्गात मांडायचे. प्रत्येक तासाचा आराखडा मी मिनिटांसकट लिहून न्यायचे आणि त्याप्रमाणेच शिकवायचे. वर्गात दिवसभर कामं करून आलेले लोक असायचे. त्यातले दोघं मला चांगले आठवतात. एक निवृत्त पोस्टमन, ज्यांना मेक्सिकोला मासे पकडायला जायचं होतं, आणि एक छपरं दुरुस्त करणारा ठेकेदार, ज्याचे सगळे कामगार स्पॅनिश बोलायचे आणि त्याच्यासमोर त्याच्यावरच विनोद करायचे. त्याला ते विनोद समजून घ्यायचे होते.

आता मुख्य गोष्ट. २००५ची असेल. इथे अशी पद्धत होती, की वर्गात पुरेसे विद्यार्थी नसले तर वर्ग रद्द. त्या वर्षी आमच्या संध्याकाळच्या वर्गावर तशी पाळी आली. विभागप्रमुख बाई नव्या होत्या, मूळच्या चिलीच्या, उंच, सडपातळ, बोलायला मोजक्या. त्या म्हणाल्या, "ही टर्म चालू द्या. मध्ये एकदा मी वर्ग बघायला येईन. पुढच्या टर्मला ठेवायचा की नाही ते मग ठरवू."

त्याच आठवड्यात मंडळाचा गणपती होता. हायस्कूलच्या कॅफेटेरियात जेवणाची पंगत होती, आणि वाढणाऱ्यांत नागपूरच्या एक काकू होत्या. माझ्याहून थोड्या लहान. मला ताई म्हणायच्या. माझ्या ताटात दुसरा मोदक ठेवत त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तुमच्या त्या कॉलेजात मला घेतील का?"

"घेतील की. पण तुम्हाला स्पॅनिश कशाला?"

"विहिणीसाठी."

त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगी इथलीच, पण आईवडील मेक्सिकोहून आलेले, टेक्सासला राहणारे. वडिलांना कामापुरतं इंग्रजी यायचं, आईला नाही. "फोनवर मी हॅलो म्हणते, ती ओला म्हणते. मग आम्ही दोघी हसतो आणि फोन पोरांच्या हातात देतो. असं किती दिवस करायचं?"

"मुलगा सांगेल ना तुमचं तिला."

"त्याच्या तोंडून काय बोलू? मला विचारायचं आहे, की तुमची लेक आजारी पडली की काय खाते. पोराला विचारलं तर म्हणतो, आई, शी ऑर्डर्स सूप. आता काय बोलावं याला? मे महिन्यात लग्न आहे, त्याच्या आधी मला एकदा तिच्याशी बोलायचं आहे. मध्ये कोणी नको."

काकू वर्गात आल्या. पहिल्या दिवसापासून पुढच्या बाकावर, आणि कधीही रिकाम्या हाताने नाही. चकल्यांचा डबा वर्गभर फिरायचा. पोस्टमन काका तर चकलीसाठी लवकर यायला लागले. भाषा मात्र काकूंना जड जात होती. पाठ केलेलं घडाघडा म्हणायच्या, पण पाठातलं एक वाक्य इकडचं तिकडे झालं की गप्प. माझ्याकडे बघायच्या आणि मराठीत म्हणायच्या, "पुढचं सांगा." मला काळजी वाटायला लागली. पहिल्या टर्ममध्ये एवढंच होतंय आणि दुसरी मिळालीच नाही, तर मे महिन्यात या बाई पुन्हा फोन मुलाच्या हातात देणार.

विभागप्रमुख बाई आल्या तो दिवस बर्फाचा होता. पोस्टमन काकांची गाडी निघाली नाही. माझा आराखडा तयार होता: पाहुणा जेवायला येतो तो संवाद, जोड्या करून. काकूंची जोडी पोस्टमन काकांबरोबर होती, आणि आता काकू एकट्याच उरल्या. मी काही करणार तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "मी होते पाहुणी."

काकूंनी पदर सावरला. टेबलावर माझं प्लास्टिकचं ताट, त्यात प्लास्टिकची केळी आणि टोमॅटो. संवाद मी लिहिलेला, चार ओळींचा. यजमान विचारतो, "कियेरे मास आरोस?" म्हणजे, आणखी भात हवा का. पाहुणा म्हणतो, "नो, ग्रासियास." नको, धन्यवाद. यजमान म्हणतो, "मुय ब्येन." फार छान. संपलं.

काकूंनी विचारलं. बाई म्हणाल्या, "नो, ग्रासियास."

आता मुय ब्येन यायला हवं होतं. काकू थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. मी हळूच म्हणाले, "मुय ब्येन म्हणा."

काकू माझ्याकडे वळल्या. "अहो, पहिल्यांदाच तर नको म्हणाल्या त्या."

"संवाद तेवढाच आहे."

"पाहुण्याने नको म्हटलं आणि आपण म्हणायचं फार छान? हा संवाद पुण्यातच लिहिलेला दिसतो."

वर्गाला काही कळलं नाही, पण माझा चेहरा बघून ठेकेदार हसायला लागला. काकू पुन्हा पाहुणीकडे वळल्या. ताट पुढे केलं. "उन पोको." थोडासा.

"नो, ग्रासियास," बाई म्हणाल्या. त्यांना मजा वाटायला लागली होती.

"पोकीतो." अगदी थोडासा.

"नो, नो."

काकू क्षणभर छताकडे बघत राहिल्या. डोक्यात शब्द शोधत होत्या, ते दिसत होतं. मग म्हणाल्या, "यो कोसीनो. मान्याना, मान्याना, मान्याना." मी स्वयंपाक करते, सकाळ, सकाळ, सकाळ. म्हणजे सकाळपासून राबते आहे, आणि तुम्ही नको म्हणता.

बाईंनी पोटावर हात ठेवला. डॉक्टरांनी मला भात मना केला आहे, असं स्पॅनिशमध्ये सांगितलं. मी घाबरले. हे संवादात कुठेच नव्हतं. पण त्याच आठवड्यात आम्ही 'कुठे आहे, कुठे नाही' हा धडा केला होता. काकूंनी शांतपणे खोली न्याहाळली, बाकाखालीसुद्धा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "एल दोक्तोर नो एस्ता आकी."

डॉक्टर इथे नाहीत.

ठेकेदाराने बाकावर थाप मारली. सगळा वर्ग हसत होता आणि मागून सल्ले सुरू झाले. कोणी पाहुणीला ओरडून सांगत होतं, पोट भरलं म्हणा. कोणी काकूंना, ती बारीक आहे म्हणा. काकूंनी तो सल्ला घेतला. "उस्तेद फ्लाका," त्या म्हणाल्या. तुम्ही बारीक. "सु मामा योरा." तुमची आई रडते.

विभागप्रमुख बाईंनी एक प्लास्टिकचं केळं उचललं, मान तुकवली आणि म्हणाल्या, "सी. उन पोको." हो, थोडासा. काकू म्हणाल्या, "मुय ब्येन," आणि माझ्याकडे बघून मराठीत, "आता म्हणायचं."

तास कधीच संपला होता. आराखड्यातल्या निम्म्या गोष्टी तशाच राहिल्या होत्या. सगळे गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "हे तुमच्या आराखड्यात होतं?"

"नाही."

"माझी आजी असंच वाढायची. आम्ही पळून जायचो टेबलावरून." मग दारातून निघता निघता म्हणाल्या, "पुढच्या टर्मला वर्ग ठेवा. आणि तो संवाद बदला."

मी बदलला. मुय ब्येन काढून टाकलं आणि नियम केला, की जो आधी दुसऱ्याचं ऐकेल तो हरला. त्या टर्ममध्ये लोक जेवढं बोलले तेवढं माझ्या आधीच्या कुठल्याच वर्गात बोलले नव्हते. ठेकेदार काकूंच्या समोर बसून सहासात वेळा नको म्हणायचा, आणि मग चकली घ्यायचा. ती खरी असायची.

एप्रिलमध्ये काकूंनी मला घरी बोलावलं. टेक्सासला फोन करायचा होता. "तुम्ही नुसत्या बसा," त्या म्हणाल्या. "बोलायचं नाही. अडले तरी नाही."

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. माझ्यासमोर पोहे ठेवले, मी नको म्हणाले, आणखी वाढले. मग त्यांनी नंबर फिरवला. ओला झालं, हसणं झालं. मुलगा बाहेरच्या खोलीत होता, सवयीने दारापर्यंत आला. काकूंनी त्याला हातानेच परत पाठवलं. आणि मग विचारलं, मोडकंतोडकं, पण विचारलं: तुमची मुलगी आजारी असली की काय खाते?

पलीकडून भराभर खूप काही आलं. काकू म्हणाल्या, "देस्पास्यो." सावकाश. पलीकडचा आवाज सावकाश झाला. मला तो ऐकू येत होता, पण मी पोह्यांकडे बघत राहिले. काकू एकेक शब्द मोठ्याने परत म्हणत होत्या. "सोपा. सी. आरोस. सी, सी. लिमोन." सोपा म्हणजे सूप, लिमोन म्हणजे लिंबू.

फोनवर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "अहो, पातळ भात आणि वर लिंबू. हे तर आपलंच. मी उगीच घाबरून राहिले होते." आणि पुन्हा फोनवर गेल्या. माझे पोहे संपले, चहा झाला, तरी त्या बोलतच होत्या. मी खुणेनेच निरोप घेतला आणि निघाले.

२००८ मध्ये आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी शिकवणं सोडलं. डिकीतलं दुकान बंद झालं. तक्ते मी कॉलेजला दिले, मेन्यूकार्डं फाटली. संध्याकाळचा वर्गही आता भरत नाही, तिथे सगळं कॉम्प्युटरवर शिकवतात, असं ऐकलं.

प्लास्टिकचं केळं माझ्याकडे आहे. धाकटीला हवं असेल तर पाठवते. आणि त्या दोघी विहिणी अजून दर रविवारी सकाळी फोनवर बोलतात.